फर्गस त्या दिवशी कुठे होता

—प्रभाव? कुणाचा प्रभाव, कुणावर? समितीचा? परराष्ट्र धोरणावर? अरे तनय, आधी ते जाकीट काढ, चिंब भिजलायस, आणि त्या रेडिएटरवर टाक. चहा घेशील ना? कप त्या प्रेसमध्ये आहेत—प्रेस म्हणजे कपाट रे, डब्लिनमध्ये राहतोस आणि तुला अजून प्रेस माहीत नाही? हां. तर प्रभाव. तुझ्या पीएचडीच्या गाइडना सांग, पद्मजाकाकू म्हणाल्या, काही प्रभाव नाही. समिती करते काय? लोकांना बोलावते, ऐकते, प्रश्न विचारते, पाणी पिते आणि शेवटी मंत्र्यांना एक शिफारस पाठवते. मंत्र्यांनी ती ऐकलीच पाहिजे असं कुठे आहे? कुठेच नाही. झालं तुझं काम. आता ही बिस्किटं खा, आणि परतीच्या गाडीला वेळ आहे तोवर स्लायगो बघून ये. समुद्र आहे, डोंगर आहे, पाऊस थांबला तर दिसेल सगळं.

काय म्हणालास? जहाजाचा ठराव? हा कुठे सापडला तुला—संसदेच्या साइटवर? सगळंच टाकतात हल्ली. आणि काय लिहिलंय तिथे? एका मताच्या फरकाने मंजूर, एक सदस्य गैरहजर. हं. म्हणजे तू बिस्किटं खायला आलेला नाहीस. बस मग. बस, बस, सांगते. डेक्लन आज कुणाच्या तरी दफनाला गेलाय लेट्रिमच्या टोकाला, तिथे सँडविच झाल्याशिवाय कुणी त्याला सोडणार नाही.

डेक्लन कोण माहीत आहे ना? आमचा खासदार, अपक्ष, ज्याच्या ऑफिसात तू बसला आहेस तो. आणि मी त्याची असिस्टंट. कशी झाले? मुरलीधर, माझा नवरा, इथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देतो. मी पुण्याला शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे—लोकसभा, राज्यसभा, कोण कुणाला जबाबदार, आणि मुलं मागच्या बाकावर झोपलेली. इथे आले तेव्हा आमच्या वळणावरचा बसथांबा काढून टाकला होता. मी तक्रार घेऊन डेक्लनकडे आले, परत आले, परत आले—शेवटी तो म्हणाला, तुम्ही रोज येताच आहात तर पगार घेऊन या. बसथांबा? तो अजून नाही मिळाला, तो वेगळा विषय.

आता डेक्लनला जायचं होतं शेतीच्या समितीवर. गुरांचा व्यापारी माणूस, अख्ख्या मतदारसंघात गुरंच गुरं. पण अपक्षांना शेवटी उरेल ते मिळतं, त्याला परराष्ट्र व्यवहार मिळालं. तोपर्यंत त्याचा परदेशाशी संबंध काय, तर बैल पाठवणे. पहिल्या बैठकीहून आला आणि म्हणाला, पद्मजा, तिथे सगळ्यांना जगाचा नकाशा पाठ आहे आणि गवत कुणालाच ओळखता येत नाही. पण हळूहळू रमला हं. त्याच्या लक्षात आलं की इथे मोठमोठे राजदूत येऊन समोर बसतात आणि आपण काहीही विचारू शकतो. आपला देश केवढासा, तरी लोक येतात उत्तरं द्यायला. का येतात? कारण हा देश कुणाला धमकी देऊ शकत नाही. ज्याची भीती नाही त्याच्याशी बोलायला सोपं असतं. हे लिहून घे, हे तुझ्या गाइडना आवडेल.

तर रेवती. रेवती इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स, रत्नागिरीची. मुरलीधरच्याच थिएटरला असायची, म्हणून मला माहीत. तिचा धाकटा भाऊ विवेक जहाजावर इंजिनिअर. जहाज एका बंदरात अडकलं—देशाचं नाव मी घेत नाही, तुला कळलं असेल तर तूही घेऊ नकोस. मालकानं बंदराचं भाडं थकवलं आणि गायब झाला. बंदरवाले म्हणाले, पैसे मिळेपर्यंत जहाज हलणार नाही आणि माणसंही उतरणार नाहीत. पासपोर्ट त्यांच्याकडे. उन्हाळा तो, अंगाची लाही करणारा, डिझेल संपलेलं, म्हणजे पंखा नाही, फ्रीज नाही. पोरं डेकवरून गळ टाकून मासे पकडायची आणि जुन्या फळ्या जाळून भाजायची. पिण्याचं पाणी बंदरातून यायचं, कुणाला आठवण झाली की. विवेक व्हॉइस मेसेज पाठवायचा—फोन दुसऱ्या जहाजावर चार्ज करून आणायचे—आणि त्यात आईला सांगायचा की मस्त आहे, सुट्टीच आहे. रेवतीला मात्र खरं सांगायचा. ती ड्यूटीवर जायच्या आधी गाडीत बसून ऐकायची आणि तोंड धुऊन वॉर्डात जायची. हे मला मुरलीधरनं सांगितलं. एरवी तो घरी दोन वाक्यं बोलत नाही.

आयर्लंडचा काय संबंध, हेच विचारणार ना? सगळ्यांनी विचारलं. भारताकडून प्रयत्न चालू होते, पण मालक भारतात नव्हता. मालकाची कंपनी नोंदलेली कुठे—डब्लिनला. नोंदलेली म्हणजे दारावर पाटी, आत कुणी नाही. तरी नोंद ती नोंद. आणि दुसरा संबंध जास्त नाजूक होता. त्याच देशाशी आपला गुरांचा करार होणार होता. मंत्री शरद ऋतूत सहीला जाणार, फोटोबिटो, सगळं ठरलेलं. अशा वेळी कुणाला वाटेल मध्येच जहाजाचा विषय काढावा? वाईट कुणी नव्हतं रे. सगळे सहानुभूतीनं बोलायचे. सहानुभूती भरपूर, आणि पुढच्या आठवड्यात फोन करा.

आणि डेक्लनचं बघ ना. ज्यांच्या जिवावर निवडून आला ते सगळे गुरंवाले, या कराराकडे डोळे लावून बसलेले. त्याच्याकडून ठराव आणायचा म्हणजे त्याच्याच पायावर धोंडा. मी काय केलं? काही नाही केलं. त्याचा शनिवारचा लोकांना भेटायचा दिवस असतो, त्याला इथे क्लिनिक म्हणतात, त्या दिवशी रेवतीला एक वेळ दिली. एवढंच. आता ती वेळ मी गुरांच्या संघटनेच्या अध्यक्षांच्या नेमकी आधी दिली आणि अध्यक्ष बाहेर बसून सगळं ऐकत होते, कारण या दाराला कडीच लागत नाही—हा योगायोग. हसू नकोस.

रेवती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिनं नर्ससारखं सांगितलं—इतकी माणसं, इतकं पाणी, कुणाच्या पायाला जखम, कुणाला ताप. डेक्लन ऐकत होता आणि मध्येच त्यानं एक प्रश्न विचारला, माणशी पाणी किती? तिनं सांगितलं. तो उठून खिडकीशी गेला. मग बाहेरच्या अध्यक्षांना आत बोलावलं आणि म्हणाला, “पॅडी, एवढ्या पाण्यावर तू बैल जहाजावर चढवलास तर काय होईल?” पॅडी म्हणाला, बंदरातला पशुवैद्यच चढवू देणार नाही, लायसन्स जाईल. मला काही बोलावंच लागलं नाही. मी चहा केला.

पुढे समितीत डेक्लननं तेच वाक्य म्हटलं. पेपरात आलं तेव्हा लोकांना वाटलं मी लिहून दिलं. मी असं लिहिणार? मी नागरिकशास्त्राची बाई, मी मूलभूत हक्क वगैरे लिहिलं असतं आणि सगळे झोपले असते. तो म्हणाला, “या देशातून बैल परदेशी पाठवायचा तर त्याच्या पाण्याची लेखी हमी द्यावी लागते. मला फक्त एवढं कळू दे, या माणसांची हमी कुणी दिली आहे?” बस. खाली बसला.

रेवतीला पण बोलावलं होतं साक्षीला. तिच्यासोबत मागच्या खुर्चीत मी. सुरुवातीला समितीचे अध्यक्ष सगळ्यांना एक इशारा वाचून दाखवतात—बाहेरच्या कुणा व्यक्तीचं नाव घेऊन टीका करू नये, ओळखू येईल असं बोलू नये, वगैरे. रीत आहे ती. रेवती घाबरली. मागे वळून मला म्हणते, “ताई, मग मी बोलू काय?” मी म्हटलं, भावाचं नाव घे, त्याला कुणी मना केलेलं नाही. मग ती अख्खा वेळ तेवढंच बोलली. कंपनीचं नाव नाही, बंदराचं नाही, देशाचं नाही. ‘विवेक आहे तिथे’, ‘विवेक आहे तिथे’. त्या देशाचा राजदूत वर गॅलरीत बसला होता, त्याला त्यावर काही आक्षेपच घेता येईना. मी पाहत होते ना त्याच्याकडे. त्यानं टाय सैल केला.

आणि मग ठराव. मंत्र्यांनी सहीच्या आधी जहाजाचा विषय काढावा, अशी समितीची शिफारस. आता गणित ऐक, सोपं आहे. समितीत सरकारकडचे आणि बाकीचे, दोन्ही बाजू बरोबर सारख्या. सारखी मतं पडली तर ठराव पडतो, असा नियम. आणि सरकारकडच्यांना वरून सांगितलेलं होतं की विरोधात मत द्या, हा विषय आम्ही शांतपणे हाताळतोय. म्हणजे ठराव पडणारच. एक माणूस कमी झाला तरच वाचणार.

तो माणूस फर्गस.

फर्गस मलिंगारचा, सरकारी बाजूचा. त्याची माझी ओळख गाडीतली. डब्लिन-स्लायगो गाडी मलिंगारवरून जाते, तो तिथे उतरायचा, मी पुढे यायचे. बायको गेल्यावर स्वतः स्वयंपाक शिकायला लागला होता, त्यामुळे गाडीत आम्ही राजकारण कमी आणि कांदा किती परतायचा हे जास्त. एकदा मी त्याला लिंबाचं लोणचं दिलं. त्यानं ते रोस्ट लँबबरोबर खाल्लं, टोस्टबरोबर खाल्लं, मला वाटतं नुसतंही खाल्लं. मग स्वतः करायला गेला आणि बुरशी आली. आमच्यासाठी हा मोठा प्रश्न होता, कारण या देशात लिंबं उन्हात ठेवायची कुठे?

त्या दिवशी मतदानाच्या जरा आधी तो मला खाली कँटीनमध्ये दिसला. एकटाच. मी विचार केला—नाही, विचार नाही केला, खरं सांगते. माझे पायच तिकडे गेले. मी ट्रे घेऊन त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, फर्गस, तुमच्या बुरशीवर उपाय सापडला. हॉट प्रेस. कळलं का तुला? घरात ते गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं ना, टॉवेल वाळत घालायचं? त्यात बरणी ठेवायची. कोरडी ऊब, बिनपावसाची. त्याचे डोळे चमकले. मग मी सुरू केलं. लिंबं धुवायची, पुसायची, इतकी पुसायची की थेंब नको. सुरी कोरडी, पाट कोरडा, हात कोरडे. फोडी चार कराव्या की आठ, यावर माझ्या सासूचं मत, माझ्या आईचं मत, आणि त्यावरून दोघी कशा एका लग्नात बोलल्याच नाहीत. मीठ कुठलं. नाशिकचं मीठ वेगळं, इथलं वेगळं—नाशिकला कसलं मीठ, मी आपलं ठोकून दिलं. फोन टेबलावर होता त्याचा. थरथरला. मी तिखटावर आले. परत थरथरला. मी म्हटलं, आता ऐका, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, गूळ.

आणि मग माझी रेसिपी संपली. लोणचंच ते, संपणार. माझ्या डोक्यात काही येईना. वर मतदान चालू झालंय की नाही तेही कळेना. मी नुसती कपात चमचा फिरवतेय. फर्गसनं फोनकडे पाहिलं, तो पालथा घातला, आणि खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाला, “आणि पद्मजा, बिनगुळाचं करायचं झालं तर?”

मी मूर्ख, मला तेव्हाही वाटलं की माझी युक्ती जमली. बिनगुळाचं सांगितलं. मग त्यानं आंब्याचं विचारलं. मग मोहरी फेसायची म्हणजे काय, ते. मी बोलतेय आणि मनात म्हणतेय, पद्मजा, काय तुझी जीभ, काय तुझी हुशारी, एवढा मुरलेला राजकारणी बसवून ठेवलास. शेवटी त्यानं घड्याळ पाहिलं, शांतपणे उठला, खुर्ची आत सरकवली आणि म्हणाला, “मला वाटतं एव्हाना झालं असेल.” आणि गेला.

मी वर धावले. ठराव मंजूर. एका मताने. सरकारकडचे दोघे-तिघे दारात उभे राहून फर्गसला फोन लावत होते. डेक्लन माझ्याकडे बघत होता आणि मी छताकडे. रेवतीला काही कळलंच नव्हतं, ती विचारत होती, ताई, आता पुढे काय? मी म्हटलं, आता चहा.

संध्याकाळच्या गाडीत फर्गस माझ्यासमोरच बसला. पेपर वाचत होता. बराच वेळ एकच पान. मलिंगार आलं तेव्हा उठला, टोपी घातली आणि म्हणाला, मी मत विरोधात दिलं असतं हं, दिलंच असतं, पक्षाचा माणूस आहे मी. आणि उतरला. मी खिडकीतून बघत राहिले. प्लॅटफॉर्मवर त्यानं मागे वळून पाहिलं नाही. गाडी सुटल्यावर मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी त्याला थांबवलं नव्हतं. तो आधीपासूनच थांबला होता. मतदानाच्या वेळी माणूस कँटीनमध्ये एकटा काय करतो? त्याला वर जाऊन हात वर करायचा नव्हता, आणि पक्षाच्या विरुद्धही जायचं नव्हतं. कुणीतरी येऊन आपल्याला धरून ठेवावं, एवढंच हवं होतं त्याला. मी नसते आले तर त्यानं तिथल्या वाढप्याला हवामान विचारलं असतं.

पुढे? पुढे काय, शिफारसच ती. मंत्र्यांनी ऐकलीच पाहिजे असं नव्हतं. पण रेडिओवर ते बैलाचं वाक्य सकाळ-संध्याकाळ वाजायला लागलं, पॅडीची संघटनाच म्हणाली की आम्हाला करार हवा पण असा नको, मग मंत्र्यांनी सहीच्या आधी विषय काढला. काय बोलले माहीत नाही. बंद खोलीत बोलले. थोड्या दिवसांनी पोरं जहाजावरून उतरली. करारही झाला, बैलही गेले. आणि सगळे म्हणाले की हे शांतपणे हाताळल्यामुळे झालं. समितीचं नाव कुणी घेतलं नाही. विचारशील तर आम्हीही घेत नाही. विवेक रत्नागिरीला गेला, आईच्या हातचं खाऊन गुटगुटीत झाला आणि पुन्हा बोटीवर चढला. रेवती त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. मग बोलली. भाऊच तो.

फर्गस? फर्गसचं काय? बरा आहे, ग्रँड आहे. त्या वेळी सगळं मलिंगार म्हणत होतं की पुढच्या फेरबदलात तो राज्यमंत्री होणार. घरच्यांनी कोट पण शिवून घेतला होता म्हणे. यादी आली, त्यात नव्हता. का नव्हता, कोण सांगणार. वेगळी कारणं असतील, वय असेल, जिल्ह्यांचा समतोल असेल, असंच म्हणतात ना? मी फोन केला तेव्हा आम्ही मोहरीबद्दल बोललो. त्यानं कधी काही म्हटलं नाही. मीही कधी—

नाही. विचारलं नाही मी. काय विचारायचं? तुम्ही माझ्या बोलण्यात सापडलात की मुद्दाम बसलात, आणि बसलात तर त्याची किंमत माहीत होती का? असं विचारतात का माणसाला? आता इतकी वर्षं एका गाडीनं जातो आम्ही. आणि मी आपली सगळ्यांना गंमत म्हणून सांगत आले, मी कसं एका खासदाराला लोणच्यात अडकवलं. मुरलीधरला सांगितली, आमच्या मुलाला, अद्वयला सांगितली, शेजारच्या बाईला सांगितली. गाडीत खिडकीशी जे कळलं ते मात्र आजपर्यंत कुणाला—

तू का असा बघतोयस? काय? उद्या? उद्या कुणाला भेटणार आहेस तू? मलिंगारला? अरे, मग हे आधी सांगायचंस की. एवढं बोलू दिलंस मला? नाही, नाही, थांब, ऐक. तो वेळ देणार म्हणालाय ना, तर जा, जरूर जा. समित्यांबद्दल विचार, युरोपबद्दल विचार, जे विचारायचं ते. आणि त्या दिवसाचं विचारायचंच असेल तर एकदाच विचार, की तुम्ही गैरहजर का होतात. तो म्हणेल दाढ दुखत होती. किंवा लिफ्ट बंद पडली. काहीतरी छान सांगेल, तो छान सांगतो. ते लिही. जसंच्या तसं लिही, आणि खाली त्याचं नाव घाल. हुशारी करून पुढचा प्रश्न विचारू नकोस. त्याच्याकडे बघून हसू पण नकोस, त्याला लगेच कळेल.

वाळलं का जाकीट? नसेल वाळलं तरी घाल. दार ओढून घे जाताना, लागत नाही ते नीट. जा.